आहे, पण किती

रेणू उजेडाला टिकत नाही, म्हणून
मी खोलीतले दिवे मालवते.
कोपऱ्यात एक लाल दिवा तेवढा,
आणि बाटल्यांना चंदेरी कागदाची कुंची,
तान्ह्याला वारं लागू नये तशी.

देब्रेत्सेनमध्ये आता अडीच वाजलेत.
झोपेचा रेणू शोधायचा
तर रात्रीचा दिवस करावा लागतो,
यावर पूर्वी आम्ही हसायचो.

आज टोमॅटो नाहीत, अक्रोड नाहीत,
मोड आलेली मोहरीही नाही.
आज बाबांच्या झाडाच्या आंबट चेऱ्या.
न्यीरशेगच्या वाळूतलं ते एकच झाड,
कुंपणाला रेलून वाढलेलं,
आई गेली त्या वर्षी उगाचच लदबदून फुललेलं.

बाबा रोज संध्याकाळी वाडगाभर खातात.
"यानं डोळा लागतो," म्हणतात,
आणि तीन वाजता स्वयंपाकघरात
नळाशी उभे असलेले सापडतात.
"तुझ्या त्या यंत्राला विचार ना, पिरोश्का.
आहे का यात, ते?"

विचारलं.
गर गोठवला, खलात कुटला
(काचेसारखा वाजत होता,
बत्त्याचा गारठा कोपरापर्यंत),
गाळला, आटवला, पुन्हा गाळला.
आधी साधा संच लावून पाहिला, प्रतिपिंडांचा.
तो म्हणाला, भरपूर!
हे संच असेच. भलत्यालाच ओळख दाखवतात,
लग्नात गळ्यात पडणाऱ्या दूरच्या काकांसारखे.

मग मोठं यंत्र.
दोनशे तेहेतीस वस्तुमानाचा आत शिरतो,
फुटतो, एकशे चौऱ्याहत्तर मागे उरतात.
मोडल्यावर काय उरतं
त्यावरूनच इथे ओळख पटते.

सहाव्या मिनिटाला पडद्यावरची रेघ
जराशी उठली.
झोपेत कुणी कूस बदलावी
एवढीच.

ग्रॅममागे बारा नॅनोग्रॅम.
गुंजेचे किती तुकडे केले तर एवढा होईल
ते कागदावर मांडलं आणि खोडलं.
मग दुसरा हिशेब:
दुकानातल्या एका गोळीएवढं मिळवायला
बाबांना अडीचशे किलो चेऱ्या खाव्या लागतील.
एका रात्रीत. बिया वगळून.

आणि झाडाला कसली आलीय झोप?
त्याला पापण्या नाहीत.
एप्रिलमध्ये उशिरा हिम पडतं
तेव्हा कळ्या करपू नयेत म्हणून
ते आपल्यापुरतं काहीतरी रांधत असेल अंधारात.
झोप हे नाव आपलं,
आपल्या गरजेपोटी ठेवलेलं.

रविवारी गेले. बाबा पायरीवर,
आईच्या केसांच्या आकड्यानं
एकेक बी उपसत बसलेले.
रस मनगटापर्यंत ओघळलेला.
"आहे?" मान वर न करता.
"आहे."
"किती?"

वाटेत मी एक गोड आकडा ठरवून ठेवला होता.
तोंडून खराच निघाला. अडीचशे किलो.

बाबा हसले, दाताच्या फटी दिसेपर्यंत.
"मग एकट्याचं काम नाही,"
म्हणत आत गेले,
तिच्या डबीतला दुसरा आकडा शोधून आणला
आणि माझ्या तळहातावर ठेवला.

वाडगा भरायला वेळ लागला.
मध्ये कधीतरी अंधारून आलं.
दिवा लावायला
दोघांपैकी कुणी उठलं नाही.