कूलरपाशी ठेवलेल्या चपला

बुरैमीच्या बाहेर, टायरच्या दुकानांमागे
साठ जणांची एक इमारत.
रात्रीची नमाज झाल्यावर मी लक्समीटर घेऊन
वरच्या मजल्यापासून सुरू करतो.
जिना : बारा.
मोरी : नऊ, आणि बल्ब नुसत्या वायरीवर लटकलेला.
खोली सात, खालचा पलंग : चार.
चार लक्समध्ये कृपासिंधू सुईत दोरा ओवतोय,
बोटांच्या अंदाजाने.
मीटर त्याच्या मांडीवर ठेवतो.
कितना आया, तो विचारतो,
जणू मी ताप बघितला.

तळमजल्यावर पाण्याचा कूलर.
त्याच्यापाशी रबरी चपलांचा एकच जोड,
टाचेला झिजून पापड झालेला.
कुणाचा? कुणाचाच नाही.
पाणी प्यायचं तर तो घालायचा,
नाहीतर कूलर चावतो.
नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगतात,
मीठ कुठे, झाडू कुठे, त्याच ओघात.
टेकबहादुर एकदा झोपेत अनवाणी गेला.
ग्लास भिंतीवर, तो फरशीवर.
उठून हसला म्हणे.
करंगळी मात्र अजून सरळ होत नाही.

मागच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा.
झाकणावर सिगारेटची थोटकं,
खाली वाळू, पिठासारखी.
अर्थिंगला तहान लागते रे,
आयटीआयत शिरधनकर सर सांगायचे,
मीठ द्या, कोळसा द्या, उन्हाळ्यात दोन बादल्या पाणी द्या.
आम्ही खेडची पोरं, हसायचो.
कुदळ मारली की जिथे पाणी लागतं
तिथे मातीला कसली तहान!
इथे आकडा चढतो,
थांबेल म्हणतो तर अजून चढतो.

मग डीबीचं दार उघडतो.
गळती धरणारा ब्रेकर आहे. चांगल्या कंपनीचा.
आणि त्याला वळसा घालून दोन तारा.
पहारेकऱ्याला खुर्चीत बसवायचं
आणि मागच्या दाराने ये-जा करायची, तसं.
टोकाला तीन वेढे, चौथा आत दुमडलेला,
टेप उलट्या हाताने गुंडाळलेली.

उलट्या हाताने.

मी डावखुरा आहे.

सहा वर्षांपूर्वीचा जुलै.
तेव्हा मी इथेच राहायचो, दोन नंबरच्या खोलीत,
व्हिसा हेल्परचा.
रोज रात्री एक वाजता हा ब्रेकर पडायचा.
साठ जण अंगणात, उघडे, घामाने निथळत,
एकमेकांच्या आईबहिणी काढत.
परकार, तू वायरमन ना, कर की काहीतरी!
केलं. दहा मिनिटांत.
एसी घरघरले तेव्हा कुणीतरी मला खांद्यावर उचललं.
जास्त दुधाचा चहा मिळाला.
त्या रात्री मी फार छान झोपलो.

फॉर्मात एक रकाना असतो :
फेरफार कोणी केला, माहीत असल्यास.
जागा एका ओळीची.

मेन पाडतो, तारा सोडवतो.
तांबं मऊ, अजून माझं ऐकणारं.
मेन वर. अंगठा ब्रेकरवरच्या छोट्या बटणावर.
टक.

पंखे थांबताना सोडतात तो लांब उसासा, साठ जणांचा अंधार,
आणि वरून, कौन है बे!
संध्याकाळपासून उजेड मोजत फिरलो,
हा मोजायचा नसतो.
आला की नाही, एवढंच बघायचं.
आला.
खिशात बॅटरी होती. लगेच नाही काढली.

कूलरचा प्लग उपटून ठेवला.
कृपासिंधू विचारलं नसताना बादली घेऊन आला,
आम्ही खड्ड्यात पाणी ओतलं.
वाळू आवाज करत प्यायली. दुसरी बादली. तिसरी.
रकान्यात माझं नाव लिहिलं,
पासपोर्टवर आहे त्याच स्पेलिंगने.

बाहेर खल्फान साहेबांनी दोनदा हॉर्न दिला.
निघताना बघितलं :
मुंतजिर जिना उतरून आला,
बंद कूलरसमोर उभा राहिला,
आधी चपलांत पाय सरकवले,
मग ग्लास शोधू लागला.