सहा गुणांचा प्रश्न

उष्णता संक्रमणाचे तीन प्रकार उदाहरणांसह लिहा.
आतापर्यंत एकतीस पेपर,
एकतीस कप चहात एकतीस चमचे.
पुस्तकात चमचाच आहे. पोरांचा काय दोष?

मग इरफान शिकलगार.
शिरोलीच्या एमआयडीसीत, फाउंड्रीत
त्याचे वडील दस्तगीर लोखंड ओततात.

वहन, तो लिहितो, म्हणजे लॅडलची दांडी.
तापतं त्या टोकाला, कळतं या टोकाला.
अब्बा दांडीला गोणपाट गुंडाळतात.
कोरडं. ओलं चालत नाही,
थेंब पडला तर लोखंड उडतं.

अभिसरण. गरम हवा हलकी,
ती वर पत्र्याला जाऊन टेकते.
तिथल्या झरोक्यात पारवे बसतात, थंडीत जास्त.
तिच्या जागी शटरखालून गार हवा आत येते
म्हणून डबे सगळे शटरपाशी उघडतात.

(इथं अर्धा गुण जादा दिला.
नियमात बसत नाही.)

तिसऱ्याला शिवावं लागत नाही,
मधे हवा नसली तरी चालतं.
अब्बा पाच हात लांब उभे असतात
तरी उजवा गाल डाव्यापेक्षा काळा
आणि भुवया नीट येत नाहीत.
उदाहरण दोन : आमची मावळतीची भिंत.
रात्री अकरापर्यंत ऊन सोडते.
धाकटी तिच्याकडं तोंड करून झोपत नाही.
उदाहरण तीन : अब्बा.

एवढंच. पुढं स्पष्टीकरण नाही.

घरी कोल्हापुरात परतताना रोज बघते,
पाळी सुटलेली माणसं पंचगंगेच्या पुलावर
गाडी हळू करतात,
शर्टाची वरची दोन बटणं काढतात.
यातले दस्तगीर कोण
मी कधी ओळखायचा प्रयत्न केला नाही.

शुद्धलेखनाचं बघायला हवं.
त्यानं तिन्ही वेळा प्रारण न लिहिता
प्राण लिहिलंय.
र गाळला, अर्धा गुण कमी.
लाल पेन टेकवलं खरं,
पण रेघ ओढली नाही
आणि त्या जागी शाईचा ठिपका
पसरत पसरत पाठच्या पानावर उतरला.

चहा गार झालाय.
थोडा कपाच्या बुडातून टेबलात गेला,
थोडा वाफेबरोबर पंख्याकडं,
आणि राहिलेला असाच,
कुणाला हात न लावता,
खोलीभर.

पेपर तेहतिसावा.
चमचा.