माझा परिच्छेद

अमादोरात, लाँड्रीच्या वरच्या खोलीत
दर गुरुवारी आम्ही गोष्ट वाचतो.
एकेकाने एकेक परिच्छेद.
नऊ खुर्च्या, एक मेज,
आणि खालच्या यंत्रांची घरघर तळपायांत.

खरं सांगतो, मी वाचत नव्हतो. मोजत होतो.
दारापासून पाचवा बसायचो.
कागद आठवडाभर आधी मिळे;
बुधवारी रात्री नातीकडून पाचवा परिच्छेद
वदवून घ्यायचो, भांडी पुसता पुसता,
आणि गुरुवारी ओळीखालून बोट सरकवत
घडाघडा म्हणून दाखवायचो.
ग्रासाबाई म्हणायच्या, "छान, बेलार्मिनो."
त्या छानचा मला घाम फुटायचा.

त्या दिवशी झुल्मिरा उशिरा आली,
इस्पितळाच्या फरशा पुसून, हातांना साबणाचा वास,
आणि खुर्ची ओढून बसली नेमकी माझ्या अलीकडे.
झालं. माझा पाचवा तिच्या वाट्याला.

ती अडखळली कोंबडीवर, कुंपणावर,
मला तोंडपाठ असलेल्या एकूण एक शब्दावर.
जीभ शिवशिवली. गप्प राहिलो.
अडलेल्याला ढकलायचं नाही, हा इथला नियम.
थांबायचं.
डोमिंगास तर डोळे मिटून थांबते,
जशी कुणाची तरी बस यायची आहे.

मग सहावा.
ओल्या गिलाव्यासारखा. हात लावावा तर ठसा उठेल.

"म्हातारीने उघडली..." इथवर आलो.
पुढच्या शब्दाला सुरुवातीलाच गळासारखा आकडा,
शेवटाकडे एक उभा वासा.
ज.
खाली एक यंत्र पिळून पिळून थांबलं.
जने.
कुणी खोकलं नाही.
जनेला.

छत्तीस वर्षं बसवल्या मी जनेला,
लाकडाच्या, मग ॲल्युमिनियमच्या,
ओळंबा सोडून, चौकट तोलून,
परक्यांच्या घरात, परक्यांच्या उजेडासाठी.
आणि ही एवढीशी, सहा अक्षरांची, शाईची.
हिची कडी आज हाताला लागली.

बाई छान म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, "पुढे?"
पुढे वाचलं. वाईट वाचलं.
दोनदा ओळ चुकली, एकदा चष्मा.
झुल्मिराने कोपर लावून कागद सरळ धरला.

कोंबडी कुणी नेली ते कळलंच नाही;
साडेआठची बस होती.
घरी लेओनोर भांड्यांचं फडकं घेऊन उभी:
"आजोबा, या वेळी कितवा?"
म्हटलं, बघू.
जागा कुठे मिळते त्यावर आहे.