पाचवा ठराव

तहसीलच्या भिंतीला टेकून माझं टेबल,
वर फाटकी ताडपत्री, शेजारी लिंबाचं झाड.
सत्तावीस वर्षं मी इथं कागद विकतोय,
ज्याच्यावर लिहिलं की खोटंही खरं धरतात.

मठपत्यांची शिवकांता दुपारी सावलीला येते,
परीक्षेचं पुस्तक मोठ्यानं वाचते.
सतराशे पासष्ट. अमेरिका. इंग्रजांचा स्टॅम्प कायदा.
खरेदीखत, वर्तमानपत्र, पंचांग, पत्त्यांचा जोड,
समद्यावर शिक्का.
"पत्त्यांवर बी?"
"पत्त्यांवर बी, काका. आन शिक्का ठरवणाऱ्या सभेत
ह्यांचा एक माणूस नव्हता."

व्हर्जिनियाची सभा. मे सरत आलेला,
निम्म्याहून जास्त सभासद घरी गेलेले
(पेरणी असंल, मी म्हणालो),
उरलेल्यांनी ठराव मांडले.
पाचवा एका मतानं पास.
दुसऱ्या दिवशी वहीतून काढून टाकला.
"मग?"
"मग काय. छापायला गेला होता की तवर."

आणि बोस्टनला झाडावर पुतळा टांगला,
कुणाचा, तर स्टॅम्पवाल्याचा.
मी तोंडातलं पान गिळलं.
लिंबाकडं बघायचं टाळलं.

आमच्या नगरपरिषदेच्या सभागृहाला कुलूप आहे.
तीन वर्षं झाली, निवडणूक नाही.
प्रशासक मंगळवारी नांदेडहून येतात,
सह्या करतात, जेवायच्या आत परत.
घरपट्टी दुप्पट झाली
हे आम्हाला भिंतीवरच्या कागदानं सांगितलं,
त्यालाही खळ कमी लावलेली.

खैरुनबी आली, बांगड्यांच्या दुकानातली.
"हरकत लिखना है भाई. पन बोलूं किसकू?
मेंबर तो कोईच नै."

अर्जाला दहाचं तिकीट लागतं.
पट्टी का वाढवली, एवढं विचारायलाही
आधी दहा रुपये.
शिवकांता पुस्तकात बोट धरून हसली.
मी नाही हसलो. मी तिकीट फाडलं,
पैसे घेतले, घ्यावे लागतात,
ट्रेझरीला हिशोब द्यायचा असतो.

रजिस्टरात नाव, रक्कम, मग कारणाचा रकाना.
तिथं आजवर भाडेकरार, वाटणी,
हरवलेली मार्कशीट, नावातला बदल.
आज पेन तसाच धरून बसलो.
मग लिहिलं:
सभा नाही म्हणून.

तपासणीला साहेब खोडतील.
लाल शाईची बाटली त्यांच्याकडं भरलेलीच असते.

खैरुनबीच्या मागं कासार उभा होता,
त्याच्या मागं पिठाच्या गिरणीवाला, अंगभर पांढरा,
आणखी कोण कोण, चष्म्याशिवाय दिसलं नाही.
शिवकांतानं तवर
पानाचा फोटो काढला होता.