अंगी लागणं

माझी नखं पिवळी आहेत.
बसमधली बाई हसून विचारते, "कधी आहे लग्न?"
मी सांगत नाही की माटुंग्याला
तिसऱ्या मजल्यावर, गंजलेल्या एक्झॉस्टखाली,
सात वर्षं मी हळदीतून हळदीचा अर्क काढतेय
आणि तो अंगी कसा लागेल ते शोधतेय.

'पी हळद नि हो गोरी' म्हणणाऱ्याला
आतडं भेटलेलं नसावं.
हळद पाण्याशी बोलत नाही.
अनोळखी पाहुणी मांडवात शिरावी, जेवावी,
आणि आहेर न देता मागच्या दाराने निघून जावी,
तशी ती पोटातून जाते.
चुकून रक्तात शिरलीच
तर यकृत बसलेलंच आहे दारात, जुना कारकून,
शिक्का मारून परत पाठवतं.

म्हणून मी तिला तेलाच्या थेंबात बसवते.
थेंबाभोवती दुधाच्या प्रथिनाची भिंत,
भिंतीवर डिंकाचा हात.
गरम वाऱ्यात सगळं धुक्यासारखं उडतं
आणि खाली बरणीत पीठ होऊन पडतं.
मग काचेचं पोट:
सदतीस अंश, आम्ल, ढवळणारा चुंबक,
आणि स्टूलवर घरत, हातात घड्याळ.
दोन तास भिंत टिकायला हवी.
त्यानंतर टिकायला नको.

माझ्या भिंतींना हे कधी कळलं नाही.
काही आम्लातच ढासळल्या.
काही पित्तालाही दाद देईनात.
आतली हळद सुखरूप, अखंड,
बिनकामाची.

दादांचं आतडं केईएममध्ये हातभर कापलं.
बत्तीस वर्षं माझगावच्या गोदीत
जहाजांचे तळ रंगवणारे जयवंत मयेकर
आता त्रेचाळीस किलो.
आई पेज देते, कुळथाची पिठी देते,
मऊ भातावर तूप सोडते,
आणि भिंतीकडे बघून म्हणते,
"खाल्लेलं अंगाक लागणा नाय."
वजनकाट्यावर तिचा विश्वास नाही.
ती घड्याळाचा पट्टा बघते.
तापलेल्या खिळ्याने त्याला तीन नवी भोकं पाडलीत.

माझी बरणी मी त्यांना देत नाही.
काचेला जे पचतं ते माणसाला पचेलच असं नाही,
आणि परवानगीचा कागद
कुठल्याशा टेबलावर वाऱ्याला फडफडतोय.
पण एका संध्याकाळी, उशी सरळ करता करता,
मी त्यांना भिंतींचं रडगाणं सांगितलं.

ते हसले. हसताना टाके ओढले असतील,
पोटावर हात धरून हसले.
"गो चेडवा, तळाक शेवटचो हात
आमी झिजूकच मारी.
घट्ट बसलो तर कालवां धरतत.
पाण्यान थोडो थोडो झिजलो,
तर आतला औषध रोज थोडा थोडा भायर येता."
मग, बराच वेळाने, खिडकीकडे बघत:
"रंगान कवा जावचा, ता रंगाऱ्याक कळाक होया."

दुसऱ्या दिवशी मी डिंक कमी केला.
प्रथिनाला ऊनही जरा कमी दिलं.
दोन तास चंबूत दुधी पांढरं, ढिम्म.
मग पित्त ओतलं.
काही झालं नाही.
घरत पेपर वाचायला लागला.
आणि मग तळाशी, चुंबकाभोवती,
एक पिवळी रेघ फिरू लागली,
नंतर दुसरी.
घाई कुणालाच नव्हती.
घरतने चष्मा कपाळावर ढकलला. "मॅडम," म्हणाला,
"सुटायला लागलीय."

तीनदा पुन्हा केलं. दोनदा जमलं.
वहीत तेवढंच लिहिलं.

रात्री दादांनी पेजेची वाटी संपवली,
बोटाने कड पुसून घेतली.
"काय झाला आज?"
"थोडंसं सुटलं," मी म्हटलं.
त्यांनी मान हलवली,
आणि उशाशी ठेवलेलं घड्याळ
उगाचच मनगटावर चढवलं.
आई दारातून बघत होती.
काटा तिसऱ्याच भोकात गेला.
महिनाभर तिथेच जातोय.
माझ्या बरणीचा त्यात काही हात नाही.
खिळा मात्र आईने
परत हातोडीच्या डब्यात ठेवलाय.