पान एकशे चाळीस

द्वारके, तुझी कादंबरी मिळाली.
पोस्टमनने दोनदा हाक मारली, मी चष्मा शोधत होते.
बांधणी बरी आहे. मुखपृष्ठावरची बाई मात्र
आपल्यापैकी कुणीच नव्हे. एवढे गुबगुबीत गाल
रेशनच्या ज्वारीवर कुणाचे होते गं?

नावं बदललीस ते चांगलं केलंस.
तरी तुझी ‘चित्रलेखा’ मेन रोडवर आली
की चंपू क्षेमकल्याणीच दिसते:
तीच ताठ मान, पिनेनं टाचलेला पदर,
तेच “साहेबांना मी सांगते” म्हणणं,
साहेब महिनाभर रजेवर असले तरी.
बावीस वर्षांची पोर, रेशन कचेरीतली कारकून,
आणि भद्रकालीतले व्यापारी तिला बाईसाहेब म्हणत
जिभेवर साखर घोळवत.
साखर त्यांच्याकडेच होती म्हणा.
तिच्या रजिस्टरात मेलेली माणसं
वर्ष वर्ष जेवत राहिली.
एका सत्तरीच्या म्हातारीचं तर आपण बाळंतपण लावलं
जादा शेरभर साखरेसाठी.
हे तू लिहिलंयस. मी हसले, ठसका लागला.

एस्तेर साळवे शरणपूरची.
खाकी साडीत देवळालीच्या लॉरीत चढली
तेव्हा तिची आई फाटकाशी बायबल धरून उभी,
आणि आपण तिघी जळून कोळसा.
(कोळसाही तेव्हा परवान्यावरच.)
तू तिला एका कॅप्टनच्या मागे धाडलीस, नऊ प्रकरणं!
कुठला कॅप्टन? ती नकाशांच्या मागे होती.
ब्रह्मदेशात पेन्सिल सरकवायची
आणि संध्याकाळी सांगायची, “आज मी नदी ओलांडली,”
आपण व्हिक्टोरिया पुलावर शेंगा खात असताना.

आणि मी. पान एकशे चाळीस.
‘सुलभा, जिला टाइपरायटरशीच लग्न लावायचं होतं.’
असू दे. मिनिटाला पंचावन्न शब्द व्हायचे;
साठ झाले की हेड टायपिस्ट,
पंधरा रुपये जास्त, मनगटी घड्याळ,
दार आतून लावता येईल अशी खोली.
पण मी काय टाइप करत होते ते तू गाळलंस.
सिन्नर, निफाड, चांदवडची गावं,
वर ठरलेलं इंग्रजी, खाली साहेबांची सही,
मध्ये एक ओळ मोकळी, तिथे नाव.
सरकारला कळवताना अत्यंत खेद होत असे.
गावात ते वाचणारा एखादा मास्तर असला तर असला.
त्या एका वाक्यावर माझा हात बसला, द्वारके.
खिडकीबाहेर बघत मारायची मी ते सबंध.
त्याच वाक्यानं साठ ओलांडले.
मी पेढे वाटले. तू दोन खाल्लेस.

रामकुंडावर शांतीसाठी अनुष्ठान बसलं,
आपण चौघी मागे हात जोडून,
आणि चंपू पुटपुटली, “अजून एकच वर्ष.”
कुणी दटावलं नाही तिला. एस्तेरनंही नाही.
तुझ्या पुस्तकात तिथे आपण गंगेत दिवे सोडतोय,
वाचणाऱ्याचे डोळे भरावेत असे.

मग आली शांती. आठ दिवसांत नोटीस:
परतणाऱ्यांसाठी खुर्च्या रिकाम्या करा.
चंपूचं लग्न साठवलेल्या साखरेवर उरकलं.
एस्तेरनं ब्रह्मदेश पिठाच्या डब्यात तळाला घातला.
माझ्या पिशवीत टाइपरायटरचं आवरण निघालं,
चुकून आलं असेल. शिवणयंत्राला नीट बसतं.
तू मात्र कचेरीच्या कोऱ्या फॉर्मांच्या पाठीवर
तेव्हापासूनच लिहून काढत होतीस आम्हाला,
गावात वहीला कागद मिळत नसताना.
चौघींत जास्त हाव कुणाची होती
ते कुठल्या पानावर आलंय? मला सापडलं नाही.

दुसरी आवृत्ती निघाली तर एक दुरुस्ती कर.
मुलाखतीला माझी साडी निळी नव्हती.
निळी एकच होती आपल्यात,
पाळीपाळीनं नेसायचो.
त्या दिवशी ती तुझ्याकडे होती.