तीन किंवा आठ

मे महिन्यात, गड्डीगोदामच्या टिनाच्या शेडमध्ये
मी पहिल्यांदा तिच्या पोटाखाली शिरलो.
फरशी इतकी तापलेली
की पाठीखाली ओलं पोतं घ्यावं लागलं.
पुण्याच्या गिऱ्हाइकानं फोनवर एवढंच विचारलं होतं :
बारापात्रे, अस्सल आहे का, तेवढं सांगा.

अडुसष्टची. दोन दारं, लांब नाक, आठ सिलिंडर.
मँगनीजच्या खाणीवाल्या फ्रामरोजनी बोटीनं मागवलेली.
बैरामजी टाऊनच्या फाटकातून ती वळेना
तर त्यांनी फाटक पाडलं म्हणे.

तीस वर्षं मी विम्यासाठी मोडक्या गाड्या पाहिल्या.
खोटं कुठं बसतं ते नाकाला कळतं.
नखाएवढा रंग खरवडला :
वर हळदीसारखा पिवळा,
खाली वरातींचा पांढरा,
त्याखाली लाल, कुणाच्या तरी निवडणुकीचा,
आणि पार आत, ओल्या बाटलीसारखा हिरवा.
पाटीवरच्या कोडशी हिरवा जुळला.
जमालभाई बोनेटवर हात ठेवून म्हणाले,
"आम्ही त हिले पिवळीच समजून राहिलो होतो."

मागच्या सीटच्या स्प्रिंगांत उंदरानं घर केलेलं.
त्यात कारखान्याचा कागद, अर्धा कुरतडलेला,
एक केसांचा आकडा,
बाल्कनीचं तिकीट,
चार चिंचोके.
गिअरबॉक्सची ओळ शाबूत होती.
इंजिनाची ओळ उंदरानं खाल्ली होती.

परदेशातून उत्तर दिवाळीनंतर आलं.
हा रंग, हा गिअरबॉक्स, ही सीट : मिळून अकरा गाड्या.
त्यांतल्या नागपुरात किती, असा रकाना
त्यांच्या तक्त्यात नव्हता.
मीच पेन्सिलीनं आखला. भरला : एक.

पण आत इंजिन होतं मॅटाडोरचं, डिझेलचं.
मूळचं कुठं आहे, विचारलं
तर जमालभाईंनी काटोलकडे हनुवटी केली.
"पाणी काढून राहिलं."

ही बातमी जुनी निघाली.
फेब्रुवारीत गेलो तेव्हा मृगाचा बहार उतरत होता,
आणि काळबांड्यांच्या विहिरीवर
ओंडक्यांवर बसवलेल्या त्या धुडावर कोंबड्या बसल्या होत्या.
वीज आली त्याच्या आधी
ते पट्ट्यानं पंपाला जुंपलेलं असायचं, रॉकेल पीत.
एका साली विहीर तळाला गेली
तरी यानं गाळासकट ओढलं, काळबांडे म्हणाले,
आणि बागेकडे असा हात केला
जसा कुणी आपल्या वर्गाकडे करतो.

थिनरनं घासलं. कागद ठेवला.
पेन्सिल आडवी फिरवली, हलक्या हातानं.
आकडे एकेक वर आले.
चेसिसच्या छापाशेजारी धरले.
सगळे जुळले. शेवटचा सोडून.
तिथं गंजाचा खळगा.
चेसिसवर इंग्रजी आठ होता.
इथं आठ असेल. तीनही असेल.
आपले आकडे असते तर हा घोळ झालाच नसता.
ओलं करून पाहिलं, तिरपं करून,
उन्हाकडे पाठ करून, उन्हाकडे तोंड करून.
डावीकडचे दोन छोटे अर्धगोल.
गिऱ्हाइकाच्या हिशेबात त्यांचे चाळीस लाख.

काळबांडे छिन्नी घेऊन आले.
"काऊन घोर करता जी? कोणता पाह्यजे ते सांगा."
यात लबाडी नव्हती.
पाहुण्याला पाणी विचारावं तसं विचारलं त्यांनी.
नको म्हटलं, तर संत्री दिली.
सोलताना सालीवर अंगठ्याचा काळा ठसा उठला,
रेघ न रेघ स्वच्छ.

रिपोर्टात मी लिहिलं : तीन किंवा आठ.
गिऱ्हाईक दोन दिवस बोललं नाही.
मग म्हणालं, एक काहीतरी लिहा.

छाप ड्रॉवरमध्ये आहे, विम्याच्या जुन्या पावत्यांखाली.
पुसू नये म्हणून वर सेलोटेप लावली.
रात्री लाईट गेले तेव्हा मेणबत्तीपाशी काढून पाहिला,
चक्क आठ होता.
आज सकाळी पुन्हा तीन.